डोळ्यांना सोपे, बोटांना अवघड

वर्गात एक साधा प्रयोग करून पाहता येईल. एका जाड कागदावर डिंकाच्या ठळक धारेने 'क' हे अक्षर काढून वाळू द्यावे. दुसऱ्या कागदावर मागच्या बाजूने बोथट खिळा दाबून दोनच टिंबे उठवावीत : एकाखाली एक, मध्ये सुमारे अर्धा सेंटीमीटर अंतर. आता विद्यार्थ्यांना डोळे मिटून दोन्हींवरून बोट फिरवायला सांगावे. डिंकाच्या अक्षरात दांडी कुठे, गोलाई कुठे हे शोधत बोट घुटमळते. दोन टिंबे मात्र एका स्पर्शात कळतात. ब्रेल लिपीत ही दोन टिंबे म्हणजेच 'क'. इतकी उघड वाटणारी गोष्ट शाळेच्या गळी उतरायला पाव शतक लागले. त्याची ही हकिगत.

अंध मुलांना शिकवता येते, हे व्हालांतँ आवी या गृहस्थाने १७८५ मध्ये पॅरिसला शाळा काढून दाखवून दिले. त्याने ओला जाड कागद ठशांवर दाबून नेहमीचीच रोमन अक्षरे उठावाने छापली. कल्पना मोठी होती, पण पुस्तके अवजड आणि महाग झाली. एकेक अक्षर चाचपडत वाचताना वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरायला होई. शिवाय या पद्धतीने मुलांना वाचता येई, पण स्वतः लिहिता येत नसे.

१८१९ मध्ये या शाळेत दहा वर्षांचा लुई ब्रेल दाखल झाला. कूव्रे या खेड्यातल्या खोगीर बनवणाऱ्याचा हा मुलगा. तीन वर्षांचा असताना वडिलांच्या कारखान्यात खेळताना चामड्याला भोके पाडायचे टोकदार हत्यार त्याच्या डोळ्यात गेले. जखम चिघळली, दुसऱ्या डोळ्यालाही बाधा झाली आणि पाचव्या वर्षापर्यंत त्याची दृष्टी पूर्ण गेली.

१८२१ च्या सुमारास शार्ल बार्बिए या माजी लष्करी अधिकाऱ्याने उठावाच्या टिंबांची एक लिपी शाळेला दाखवली. रेषेऐवजी टिंब, ही त्यातली खरी नवी गोष्ट. पण तिच्यात एका खुणेसाठी बारापर्यंत टिंबे लागत. ती बोटाच्या एका स्पर्शात मावत नसत. शिवाय ती केवळ उच्चार लिहीत असे. शुद्धलेखन, विरामचिन्हे यांना तिच्यात जागा नव्हती.

लुईने ही अडचण स्वतःच्या बोटाने जोखली. १८२४ मध्ये, पंधराव्या वर्षी, त्याची सहा टिंबांची मांडणी तयार झाली. दोन उभ्या ओळी, प्रत्येकीत तीन टिंबे. यामागचे विज्ञान पाहण्यासारखे आहे. बोटाच्या टोकाला दोन टोके वेगवेगळी जाणवण्यासाठी त्यांच्यात सुमारे २ मिलिमीटर अंतर लागते. ब्रेलमधली शेजारची टिंबे सुमारे अडीच मिलिमीटर दूर असतात. म्हणून ती वेगळी कळतात आणि सहाही एकाच स्पर्शात मावतात. प्रत्येक टिंब असेल किंवा नसेल. म्हणजे २ चा सहावा घात, ६४ शक्यता. रिकामी जागा सोडली तर ६३ खुणा उरतात. पाटी आणि टोचणी घेऊन मुलांना त्या स्वतः लिहिताही येत.

१८२९ मध्ये लुईने या पद्धतीची माहिती देणारे पुस्तक काढले. गंमत अशी, की ते पुस्तक उठावाच्या रोमन अक्षरांतच छापावे लागले!

विद्यार्थ्यांनी ही लिपी उचलून धरली. शाळेने मात्र धरली नाही. १८४० मध्ये आलेल्या द्युफो या संचालकाने तिच्यावर बंदीच घातली. आक्षेप असा, की ही लिपी डोळसांना वाचता येत नाही, त्यामुळे अंध मुले समाजापासून वेगळी पडतील. वरवर पाहता हा मुद्दा समावेशाचाच होता! पण त्यात सोय शिक्षकाची पाहिली होती आणि श्रम विद्यार्थ्याचे होते. मुले चोरून टिंबांत लिहीत राहिली. शेवटी १८४४ मध्ये शाळेच्या नव्या इमारतीच्या समारंभात उपसंचालक ग्वादे यांनी या लिपीचे जाहीर समर्थन केले आणि तिचे प्रात्यक्षिकही झाले. फ्रान्समध्ये तिला अधिकृत मान्यता मिळाली १८५४ मध्ये. लुई ब्रेल १८५२ मध्येच वारला होता.

भारतात निरनिराळ्या ब्रेल पद्धती चालत. १९५१ मध्ये त्यांच्या जागी भारती ब्रेल आली. मराठी, गुजराती, तमीळ यांच्या लिपी डोळ्यांना वेगळ्या दिसतात. बोटाखालचा 'क' मात्र एकच. आणखी एक गोष्ट भाषेच्या शिक्षकांना आवडेल. 'कि' लिहिताना आपण ऱ्हस्व वेलांटी आधी काढतो. भारती ब्रेलमध्ये आधी 'क', मग 'इ' येते, म्हणजे उच्चाराच्याच क्रमाने.

आज संगणक मजकूर वाचून दाखवतो. मग ब्रेल कशाला, असे विचारले जाते. 'दिन' आणि 'दीन' हे शब्द नुसते ऐकून वेगळे ओळखता येतील का? 'अ अधिक ब छेद क' हे ऐकल्यावर क ने फक्त ब ला भागायचे की संपूर्ण बेरजेला? ऐकणे उपयोगी आहेच, पण ते वाचनाची जागा घेत नाही. म्हणूनच संगणकाला जोडायची ब्रेल पट्टीही निघाली. तिच्यातल्या बारीक पिना वरखाली होऊन ओळ बोटाखाली उमटते. ही पट्टी महाग असते. पाटी आणि टोचणी मात्र आजही स्वस्तच आहेत.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ठरावीक प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना अठरा वर्षांपर्यंत पुस्तके आणि साहाय्यक साधने मोफत पुरवण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. साधन शाळेत आले की ते आपल्याला सोपे वाटते का, हे आपण आपोआप पाहतो. द्युफोनेही तेच पाहिले होते. ते आधी ज्याच्यासाठी आणले त्या मुलाच्या हाती द्यावे, आणि त्याला वाचता, लिहिता, चूक खोडता येते का हे त्यालाच विचारावे. त्या ६३ खुणा शिकायला आपल्यालाही फार दिवस लागणार नाहीत.