कोळशाच्या गोणीची कुळकथा

दिवाळी अंकात कोळशावर लेख म्हटल्यावर काही वाचकांच्या कपाळावर आठी उमटेल, हे मी जाणून आहे. सणासुदीला काळ्या वस्तूचे नावही घेऊ नये, असे मानणारी मंडळी अजून घरोघरी आहेत. त्यांना नम्रपणे एवढेच सांगतो, की पोरे अंगणात भुईनळा लावतात तेव्हा कोळसाच उजळत असतो. जुन्या पद्धतीच्या दारूच्या शंभर भागांत सुमारे ७५ भाग सोरा, १५ भाग लाकडी कोळसा आणि १० भाग गंधक असे. तेव्हा दिवाळीवर कोळशाचा हक्क पणतीच्या खालोखाल आहे, असे मानायला हरकत नाही.

कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला कोळसा दोन तऱ्हांचा ठाऊक. एक दगडी. ठाकुर्लीचे चोळे पॉवर हाऊस १९२९ साली सुरू झाले, ते याच कोळशावर. तेथील विजेवर आगगाड्या धावल्या आणि काही दशकांनी ते बंदही पडले. दुसरा लाकडी. तो वखारीतून गोणीने यायचा आणि स्वयंपाकघरातल्या शेगडीत जायचा. दूध तापवणे, पापड भाजणे, भरताचे वांगे खरपूस करणे, इस्त्रीत निखारे भरणे ही त्याची कामे. राहिलेल्या चुऱ्याची राखुंडी होई, म्हणजे घरातल्या माणसांचे दातसुद्धा त्यानेच घासले. पुढे १९५५ च्या सुमारास मुंबईत बर्माशेलचा 'बर्शेन' गॅस आला. हळूहळू सिलिंडर गाडीमार्गाने ठाण्याच्या पुढे सरकला, शेगडी माळ्यावर गेली आणि वखारीच्या जागी इमारत उभी राहिली.

आता तोच कोळसा परत आला आहे. गच्चीवर, शेतघरावर हौशी मंडळी जाळी मांडतात आणि त्याला ग्रिल म्हणतात. मलाही ही विद्या शिकायची हौस आली. शाळेतल्या एका सहकाऱ्याचे घर कल्याण तालुक्यातल्या आगरी गावात आहे. त्याच्या आजीकडे मी शिकवणी धरली. तिने पहिल्याच दिवशी सूत्र सांगितले, "मास्तर, जालावर भाजू नका, इंगलावर भाजा. जाल करपवतो, इंगल शिजवतो."

पुढचा धडा हाताने होता. कोळशाचा ढीग रचायचा, खाली नारळाची शेंडी आणि करवंटीचे तुकडे घालून पेटवायचा. रॉकेलला तिची सक्त मनाई, कारण त्याचा वास माशात उतरतो. मग अर्धा तास स्वस्थ बसायचे. कोळशावर पांढरट राखेची साय धरली, की निखारे एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला विरळ पसरायचे. तळहात वीतभर वर धरून तीन आकडे मोजण्याआधी मागे घ्यावा लागला तर ती जागा बांगड्याची. सहा-सात आकडे निघाले तर ती वांग्याची. सुक्या बोंबलाला मात्र मोजणी चालत नाही, तो नुसता निखाऱ्यावरून फिरवायचा. बांगड्याची चरबी गळून जाळ उठला, की मासा विरळ बाजूला सरकवायचा. कातडी जाळीला चिकटली असेल तर ओढायची नाही. शिजली की ती आपण होऊन सुटते. सारी विद्या वाट पाहण्याची. आमच्या वर्गातल्या पोरांना ती शिकवायला मला वर्षे लागतात.

आजीच्या सूत्रामागे शास्त्र आहे. लाकडाचा जाळ म्हणजे लाकडातून निघणाऱ्या वायूंचे जळणे. हे वायू भट्टीतच उडून गेले म्हणजे मागे राहतो तो बहुतांशी शुद्ध कार्बन. तो ज्वाळेवाचून, जवळजवळ धुरावाचून धगधगतो आणि सारखी आच देतो. मात्र त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या आजही येतात. घरातल्या वडीलधाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की शेगडीची जागा उघड्यावर.

ही भाजणी आपल्याला परदेशाने शिकवली, असा कोणाचा समज असेल तर तो दूर करावा. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाचे प्रकार दिले आहेत. काळजाचे सुपारीएवढे तुकडे कोळशावर भाजून, मसाला लावून दह्यात घालावेत, असा एक प्रकार त्यात आहे. या राजाची राजधानीही कल्याणच! अर्थात ते आपले खाडीकाठचे कल्याण नव्हे, तर बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. अमेरिकेत मोटारवाल्या हेन्री फोर्डने लाकडाच्या टाकाऊ तुकड्यांच्या कोळसावड्या करून विकायला काढल्या, त्या १९२० नंतर. म्हणजे जवळजवळ आठशे वर्षांनी.

राजाच्या ग्रंथात भाजणाऱ्याची तारीफ आहे. पण कोळसा पाडणाऱ्याचे काय? आपल्या ठाणे जिल्ह्यापुरते त्याचे उत्तर बरेचसे एका जमातीच्या नावाशी जाऊन थांबते, ती म्हणजे कातकरी. खैराच्या लाकडातून विड्याचा कात काढणारे, म्हणून कातकरी. १८५३ साली आगगाडी ठाण्याला आली, १८५४ मध्ये कल्याणला पोचली. मुंबई वाढू लागली, आणि तिच्या चुलींना मुरबाड-शहापूरकडच्या रानातले लाकूड व कोळसा लागू लागला. १८७८ च्या वन कायद्याने सरकारने जंगले राखीव केली. खैर तोडणे कातकऱ्याच्या हातात राहिले नाही. कात गेला आणि पुष्कळांच्या वाट्याला ठेकेदाराची कोळसाभट्टी आली.

भट्टीचे काम पाहणाऱ्याला सोपे वाटते. ऐन, धावडा, बाभूळ अशी जड लाकडे रचायची, वर पाला आणि माती लिंपायची, आत विस्तव सोडायचा आणि हवेला बारीक भोके ठेवायची. पहिल्यांदा दाट पांढरा धूर निघतो, ते लाकडातले पाणी. धूर विरळ निळसर झाला, की भोके बुजवायची. एखादी भेग नजरेतून सुटली तर सगळ्या लाकडाची राख होते, म्हणून रात्रंदिवस राखण. मग कित्येक दिवस निवू द्यायचे. एवढे करून लाकडाच्या वजनाचा पाचवा हिस्सा कोळसा हाती लागला, तर भट्टी साधली म्हणायची.

आणि मजुरी? पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा ठेकेदाराकडून उचल घ्यायची. दिवाळी झाली, की बायकापोरांसह भट्टीवर जायचे, कधी परजिल्ह्यातही. गोणीमागे पैसे लागायचे ते उचलीत वळते व्हायचे. हिशेबाची वही ठेकेदाराची, आणि अंगठा कातकऱ्याचा. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली. २००६ च्या कायद्याने वनवासींचे जंगलावरचे हक्कही मान्य झाले. तरी कोळसाभट्ट्यांवर, वीटभट्ट्यांवर उचल देऊन कुटुंबे नेण्याची रीत पुरती मोडलेली नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. शाळामास्तराला ते हजेरीपटावर दिसते. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडते, आणि वाडीवरच्या दोन-तीन नावांपुढे रोज गैरहजेरीची खूण पडू लागते. पाढे पाठ झालेला मुलगा जूनमध्ये परत येतो, तेव्हा पाढे विसरलेला असतो. लाकडाचा चट्टा किती फुटांचा, त्यात किती गोण्या बसतात, हे मात्र तो आता न चुकता सांगतो. गणिताचा हा पेपर त्याला आम्ही दिलेला नसतो.

वाचकहो, यंदा थंडीत तुमच्या गच्चीवर जाळी मांडली जाईल. अवश्य मांडा. लहानांना निखाऱ्याची पारख शिकवा, घरातल्या आजीला मोडा आणून द्या आणि तिच्याकडून शेगडीच्या गोष्टी काढून घ्या. फक्त कोळसा आणताना दुकानदाराला विचारा, की ही गोणी कुठल्या भट्टीवरची, आणि ती भरणाऱ्याला गोणीमागे काय मिळाले. बहुधा त्याला उत्तर देता येणार नाही. पण दहा गिऱ्हाइकांनी विचारले, तर अकराव्याला सांगण्यासाठी तो स्वतः ठेकेदाराकडे चौकशी करील.