झोळीतली ओवी आणि छापील पान : वऱ्हाडातील निजवण्याच्या काव्याचा इतिहास

मूल निजण्याच्या वेळी त्याच्यापाशी बसून म्हणायचे यमकबद्ध बोल आणि त्या बोलांच्या जोडीने पाहायची चित्रे यांचे मिळून जे पुस्तक तयार होते, ते मराठीत फार उशिरा आले. त्या पुस्तकाचा जो गाभा, म्हणजे सांभाळणारे मोठे माणूस आणि मूल यांचा एकमेकांवरील जीव, तो यमकात बांधण्याची रीत मात्र मराठी घरात छापखान्याच्या कितीतरी शतके आधीपासून चालत आली आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील जानेफळ आणि त्याच्या भोवतीचा वऱ्हाड या दृष्टीने पाहिला, तर असे दिसते की या काव्याचा इतिहास लिहिणाऱ्यांपेक्षा म्हणणाऱ्यांचा आहे, आणि छापील पुस्तकाला त्यात स्थान मिळवायचे असेल तर ते म्हणणाऱ्याच्या आवाजाला जागा देऊनच मिळवावे लागते.

या परंपरेचे मूळ ओवीत आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या 'अभिलषितार्थचिंतामणि' अथवा 'मानसोल्लास' या ११२९ च्या सुमाराच्या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद आहे. म्हणजे ज्ञानेश्वरी १२९० मध्ये सिद्ध होण्याच्या दीडशे वर्षे आधी हा छंद बायकांच्या तोंडी रुळलेला होता. ग्रंथातील ओवीत पहिले तीन चरण यमकाने जुळलेले आणि चौथा आखूड व यमकावाचून असतो, तर जात्यावरची ओवी बहुधा दोन ओळींत संपते, त्या ओळी यमकाने एकमेकींना बांधलेल्या असतात आणि अक्षरांची संख्या गाणारीच्या श्वासाप्रमाणे व जात्याच्या फेऱ्याप्रमाणे कमीजास्त होते. या सैलपणामुळेच ओवी रचायला लेखणी लागली नाही. पहाटे दळताना मांडीवर किंवा शेजारी निजलेल्या लेकराला उद्देशून एक ओवी सुचावी, तिच्यात त्याच्या वाळ्याचा नाद, कुंचीचा रंग, मामाने आणलेले अंगडे यावे आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीने तीच ओवी आपल्या मुलाचे नाव घालून म्हणावी, असा तिचा प्रसार होता.

मुलाभोवतीच्या गाण्यांचे तीन प्रकार येथे वेगळे ओळखले पाहिजेत, कारण पुढे छापील पुस्तकाने त्यांपैकी कोणता उचलला यावर बरेच काही ठरले. पाळणा हे समारंभाचे गीत आहे. बारशाला बाळाला पाळण्यात घालताना जमलेल्या बायका ते एकत्र म्हणतात, त्यात जन्मानंतरच्या दिवसांचा क्रम मोजलेला असतो आणि राम, कृष्ण यांच्या पाळण्यांच्या चालीवर घरच्या बाळाचे कौतुक केले जाते. जिजाऊंचे जन्मस्थान असलेले सिंदखेड राजा बुलढाणा जिल्ह्यातच असल्यामुळे शिवजयंतीला म्हटल्या जाणाऱ्या शिवरायांच्या पाळण्याला या भागात माहेरच्या मायेचाही एक स्पर्श आहे. अंगाई मात्र रोजची आणि खाजगी असते. तिला श्रोता एकच, तो तिचा अर्थ जाणत नाही आणि ती पूर्ण होण्याआधी तो झोपला तरच ती सफल झाली असे मानले जाते. तिसरा प्रकार बडबडगीताचा. तो जाग्या मुलाला मांडीवर खेळवण्यासाठी असून त्यात अर्थापेक्षा ठेका आणि शब्दांची उलटापालट महत्त्वाची ठरते.

वऱ्हाडातील शेतकरी घरात मूल सांभाळणारे माणूस नेहमी आईच असे, असे नाही. कपाशी वेचण्याच्या किंवा निंदणाच्या दिवसांत आई शेतात जाई, आणि घरी राहिलेले तान्हे आजीच्या किंवा जरा मोठ्या बहिणीच्या हवाली असे, नाहीतर लुगड्याची झोळी करून त्याला शेतातल्या झाडाखालीच झोपवले जाई. झोळी म्हणजे लुगड्याची दोन टोके वर बांधून केलेला कापडी पाळणा. घरात ती आढ्याला बांधत आणि दोरी ओढताना जो झोका मिळे, त्याच्या लयीतच गाणे चाले. त्यामुळे निजवण्याच्या काव्यात आजी, बहीण, आत्या, मावशी अशा अनेक जणींचा आवाज मिसळला आणि ते एका नात्यापुरते उरले नाही. या सर्व जणींची भाषा वऱ्हाडी होती. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ मध्ये निघालेल्या सातव्या खंडात वऱ्हाडीचे नमुने नोंदवलेले आहेत, आणि त्या सर्वेक्षणात सर्वत्र वापरलेला नमुना घर सोडून गेलेल्या मुलाला बाप परत जवळ करतो या बायबलमधील दृष्टान्ताचा होता. सरकारी नोंदीसाठी वऱ्हाडी बोली कागदावर उतरली तेव्हाही तिच्या वाट्याला बापलेकाच्या मायेचीच कथा आली, मात्र ती परकी होती. घरोघरच्या झोळीपाशी चाललेली ओवी त्या कागदाच्या बाहेरच राहिली.

ती कागदावर आणण्याचे काम पुढे काही ध्यासाच्या माणसांनी केले. साने गुरुजींनी १९४० च्या सुमारास 'स्त्रीजीवन' या नावाने बायकांच्या ओव्या संग्रहित करून छापल्या आणि त्यांत आईमुलाच्या नात्याला मोठी जागा दिली. सरोजिनी बाबर (१९२०–२००८) यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या कामातून गावोगावची गाणी ग्रंथरूपात आणली, तर गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी उभारलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाची संख्या एक लाखाच्या पुढे गेली. हे संग्रह अमोल आहेत. तरीही ते अभ्यासकाच्या हाती गेले, मुलाच्या उशाशी पोहोचले नाहीत, कारण ओवीचा ठेवा जपणे हा त्यांचा हेतू होता आणि ती मुलापुढे पुन्हा उच्चारली जावी यासाठी पानाची रचना कशी असावी, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता.

मुलांसाठी छापले जाणारे वाङ्मय दरम्यान वेगळ्या वाटेने गेले होते. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ मध्ये सुरू केलेल्या 'आनंद' मासिकासमोर वाचू शकणारे मूल होते. अजून वाचू न शकणाऱ्या आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकणाऱ्या मुलाचा विचार त्या काळच्या छपाईत क्वचितच झाला. अंगाईला छापील कवितेत जे स्थान मिळाले तेही प्रौढ वाचकासाठी होते. दत्त या नावाने लिहिणारे दत्तात्रेय कोंडो घाटे (१८७५–१८९९) यांची प्रसिद्ध अंगाई दरिद्री घरातील आईच्या तोंडी आहे, आणि तिच्यात बाळाला निजवता निजवता आई स्वतःच्या दैन्याशी बोलते. गाणे मुलासाठी आणि व्यथा म्हणणारीची, हे ओवीचे जुने लक्षण दत्तांनी नेमके पकडले, म्हणून ती कविता टिकली.

आवाज आधी आणि पुस्तक नंतर, हा क्रम या भूभागात पुन्हा पुन्हा दिसतो. मेहकरला आयुष्य घालवलेले कवी ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांच्या ध्वनिमुद्रिकेमुळे १९३० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत महाराष्ट्रभर गायली जाऊ लागली, आणि त्याच नावाचा कवितासंग्रह १९५४ मध्ये निघाला. बुलढाण्याला लागून असलेल्या खानदेशात बहिणाबाई चौधरी जन्मभर घरकाम आणि शेतकाम करताना गात राहिल्या. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, जपलेली ती गाणी १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने आली. आईचा आवाज लेकाने कागदावर ठेवला, ही घटना मराठी वाङ्मयाच्या इतिहासात जितकी महत्त्वाची, तितकीच प्रस्तुत विषयातही बोलकी आहे. १९७७ च्या 'बाळा गाऊ कशी अंगाई' या चित्रपटातील अंगाईही रेडिओ आणि ध्वनिफितीतूनच घराघरांत गेली आणि अनेक घरांत पारंपरिक अंगाईच्या जागी येऊन बसली.

बालकवितेचे खरे नवे पर्व विंदा करंदीकरांच्या १९६१ मधील 'राणीची बाग' आणि 'एकदा काय झाले' या संग्रहांनी सुरू झाले. त्यांनी आणि मंगेश पाडगावकरांनी यमकाला उपदेशाच्या ओझ्यातून सोडवले, मात्र त्यांचा कल बडबडगीताच्या बाजूचा, म्हणजे जागवणारा आणि हसवणारा होता. निजवणारे काव्य त्यांच्याही वाटेवर थोडेच आले. लहान मुलापाशी बसून बोलण्याचे महत्त्व शिक्षणाच्या अंगाने ओळखले ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडला त्यांनी बालवाडी मुलांच्या अंगणात नेली, तीत गाण्याला आणि गोष्टीला मानाचे स्थान दिले, आणि 'अंगणवाडी' हे त्यांच्या कामातील नाव १९७५ च्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे खेड्याखेड्यांत पोहोचले.

चित्रपुस्तक म्हणजे चित्रांनी सजवलेले पुस्तक नव्हे. ज्यात अर्धी गोष्ट शब्द सांगतात आणि उरलेली चित्रांनीच कळते, असे पुस्तक. त्याला रंगीत छपाई आणि जाड कागद लागतो, पाने मोजकी आणि दर पानावर मजकूर एकदोन ओळींचा असतो, त्यामुळे कमी शब्दांचे हे पुस्तक काढायला मात्र महाग पडते. अमेरिकेत १९४७ मध्ये मार्गारेट वाइज ब्राउन यांनी लिहिलेल्या आणि क्लेमंट हर्ड यांनी चितारलेल्या 'गुडनाइट मून' या यमकबद्ध पुस्तकात सशाच्या पिल्लापाशी आई म्हणून नाव दिलेले कोणी नाही, एक म्हातारी विणत बसलेली आहे, आणि खोलीतल्या एकेका वस्तूचा निरोप घेत पिल्लू झोपेकडे जाते. घरातल्या वस्तूंची नावे घेत मुलाला निजवण्याची ही युक्ती ओवीला परकी नाही. फरक इतकाच की ओवीसमोर त्या वस्तू प्रत्यक्ष असत आणि तेथे त्या चितारल्या गेल्या. मराठीत सोव्हिएत प्रकाशनांच्या भाषांतरांनी स्वस्त आणि देखण्या चित्रपुस्तकांची चव लावली, माधुरी पुरंदरे यांनी 'राधाचं घर' या मालेत आईबरोबरच बाबा, आजी, आजोबा यांच्याशी असलेले मुलाचे नाते शब्द आणि चित्र या दोन्हींनी उभे केले, आणि २००४ मध्ये स्थापन झालेल्या प्रथम बुक्सने कमी किमतीची मराठी चित्रपुस्तके मोठ्या शहरांच्या बाहेर नेली.

तरीही निजण्याच्या वेळचे, मायेचे आणि यमकबद्ध असे मराठी चित्रपुस्तक अजून विरळाच आहे, आणि त्याच्या लेखकापुढील कसोटी जानेफळसारख्या गावात स्पष्ट दिसते. वऱ्हाडीत 'ण' चा उच्चार 'न' होतो आणि 'ळ' च्या जागी पुष्कळदा 'य' येतो, म्हणून 'बाळ' आणि 'आभाळ' हे यमक बोलीतही टिकते, तर प्रमाण उच्चारात अर्धवट जुळणारे 'पाणी' आणि 'रानी', म्हणजे रानात, हे शब्द वऱ्हाडी तोंडात पूर्ण जुळतात. मोठ्याने वाचताना 'आई' च्या जागी 'माय' आले तर मात्र मात्रा चारांऐवजी तीन होतात, दोन अक्षरांऐवजी एकच ऐकू येते आणि ओळीचा तोल किंचित हलतो. जी रचना हा हेलकावा सोसेल तीच त्या घरातील होईल. जी सोसणार नाही ती शाळेच्या पुस्तकासारखी परकी राहील.

ओवी नऊशे वर्षे जगली, कारण ज्या ठिकाणी मुलाचे नाव यायचे ते ठिकाण तिने मोकळे ठेवले आणि म्हणणारीला दर रात्री थोडी तरी कवयित्री होऊ दिले. छापील ओळ अशी मोकळी राहू शकत नाही, पण तिचा श्वास मोकळा राहू शकतो: पानाच्या शेवटी थांबायला जागा असेल, चित्रात बोट ठेवायला काही असेल आणि ध्रुपद इतके सोपे असेल की चौथ्या रात्री दिवा मालवल्यावरही ते आजीला आठवेल. त्यानंतर ती पुस्तक न उघडता जे म्हणेल, त्यात नातवंडाचे नाव आपोआप येईल.