नऊवारी साडी

नऊवारी साडी किंवा लुगडे हे महाराष्ट्रातील स्त्रियांचे पारंपरिक वस्त्र असून लावणी नृत्याचा तो प्रमुख वेश आहे. तिची लांबी ९ वार, म्हणजे सुमारे ८.२ मीटर असते.

निऱ्यांचा मधला भाग दोन्ही पायांमधून मागे नेऊन कमरेशी खोचतात. यास कासोटा किंवा काष्टा म्हणतात. त्यामुळे परकर लागत नाही व पाय मोकळे राहतात. ढोलकीच्या बोलांना घुंगरांनी उत्तर देणारी पावले प्रेक्षकांस दिसणे लावणीत आवश्यक असते. युरोपीय बॅलेमध्ये हीच गरज घागरा आखूड करून भागवली गेली. १८३२ मध्ये पॅरिस येथे ‘ला सिल्फीद’मध्ये मारी तालिओनी यांनी घातलेला घेरदार घागरा पुढे आखूड होत ‘टूटू’ बनला. नऊवारीत मात्र कापड न कापता केवळ नेसण्याच्या पद्धतीने हे साधते.

नाशिक जिल्ह्यातील येवला हे पैठणीच्या विणकामाचे प्रमुख केंद्र असून तेथे नऊवारी पैठणीही विणली जाते. पैठणीस २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

विसाव्या शतकात पाचवारी व सहावारी साड्यांच्या प्रसारामुळे नऊवारी दैनंदिन वापरातून मागे पडली. सण, लग्नकार्ये व रंगमंच येथे ती टिकून आहे. अलीकडे शिवलेली तयार नऊवारीही वापरली जाते. ती घालणे सोपे असले, तरी एकदा शिवलेले वस्त्र निराळ्या पद्धतीने नेसता येत नाही.