तंजावरची वीणा आणि पुस्तकी विद्या

सतराव्या शतकात, तंजावरवर नायक राजांचा अंमल असताना, वेंकटमखीने ‘चतुर्दंडीप्रकाशिका’ रचली. तिचे पहिलेच प्रकरण वीणेवर आहे. एका वीणेचे पडदे रागागणिक सरकवावे लागतात, तर दुसरीवर सर्व रागांना पुरतील असे पडदे कायमचे बसविलेले असतात, असे तो सांगतो. ही दुसरी वीणाच तंजावरी घडणीत रूढ झाली. दांडीवर मेणात रोवलेले 24 पडदे. दर सप्तकास 12. पडदा अचल झाला, तेव्हा स्वराचे ठिकाण कागदावर लिहून ठेवणे शक्य झाले. ग्रंथ हाती धरून वीणा शिकण्याची आशा उपजते ती येथे.

पुढे भोसल्यांचे राज्य आले. तुळजाराजांनी (1728–36) स्वतःच ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला व रागलक्षणांबरोबर सरगमीचे तुकडेही दिले. राज्यकारभारातून अशा कामास सवड काढणारा राजा विरळाच. गमकांची लक्षणे तर जुन्या ग्रंथांतूनच चालत आलेली. परंतु पडद्यावर तार किती ओढावी आणि कोठे सोडावी, हे शिष्याने गुरूच्या बोटांकडे पाहूनच उचलावयाचे.

सरफोजीराजांच्या (1798–1832) ग्रंथसंग्रहात युरोपीय संगीताची छापील पुस्तकेही आली. त्याच सुमारास व्हायोलिन दक्षिणेत रुजले, ते मात्र माणसांकरवी. बालुस्वामी दीक्षित मद्रासेत एका युरोपीय वादकाकडे ते शिकले. तंजावरच्या वडिवेलूंनीही त्यात नाव मिळविले. दाक्षिणात्य वादक मांडी घालून बसतो, वाद्याचे टोक उजव्या पावलावर टेकवितो आणि तारा सा-प-सा-प अशा जुळवितो. ही बैठक विलायती पुस्तकातली नव्हे. हनुवटीखाली वाद्य धरणाऱ्याचा डावा हात ते सावरण्यातही गुंततो. या बैठकीत तो मोकळा राहतो आणि गमकासाठी तारेवर हवा तसा सरकतो.

बालुस्वामींचे दत्तक पुत्र सुब्बराम दीक्षित यांनी 1904 साली एट्टायपुरम येथे ‘संगीतसंप्रदायप्रदर्शिनी’ तेलुगू लिपीत प्रसिद्ध केली आणि स्वरांबरोबर गमकांनाही खुणा दिल्या. ग्रंथाने गुरूच्या बोटांच्या इतके जवळ जाण्याचा असा यत्न दुसरा क्वचितच सापडेल. त्याच वर्षी मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे दक्षिणेच्या प्रवासात त्यांना भेटले. वेंकटमखीचा ग्रंथ पुढे भातखंड्यांनीच छापून प्रसिद्ध केला. सुब्बराम दीक्षितांच्या खुणा तारेवर नेमक्या कशा उतरवाव्यात, याविषयी वैणिकांचे एकमत मात्र अद्याप झालेले नाही.