शास्त्राला धरून उपासना : दोर्नकल, मेदक आणि 1950 चा विधी

हैदराबादच्या आसपासची जुनी चर्च पाहायला गेलो की आपण मनोऱ्याची उंची, कमानी, रंगीत काचा यांच्याबद्दल बोलतो. मी मूळचा इंजिनियर, त्यामुळे माझंही लक्ष आधी तिकडेच जातं. पण ज्यांच्यासाठी ही चर्च उभी राहिली त्यांचा प्रश्न वेगळा होता : आपण इथे जमून जे करणार, ते बायबलला धरून आहे का?

युरोपात सोळाव्या शतकापासून याची दोन उत्तरं होती. ल्यूथर आणि अँग्लिकन चर्च यांचं म्हणणं, शास्त्राने जे मना केलेलं नाही ते ठेवायला हरकत नाही. काल्विन आणि त्याच्या मागून आलेले प्युरिटन म्हणत, शास्त्राने सांगितलंय तेवढंच करायचं. म्हणून एका बाजूला झगे, ऑर्गन आणि छापील प्रार्थनापुस्तक टिकलं. दुसऱ्या बाजूने चित्रं उतरवली, वाद्यं बंद केली, आणि बायबलमधली स्तोत्रं तेवढी गायली. मिशनऱ्यांबरोबर हे दोन्ही पक्ष आपल्याकडे आले.

इथे मात्र दोघांनाही वेगळीच अडचण भेटली. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांना वाचता येत नव्हतं, आणि परकी चाल त्यांच्या गळ्यात बसत नव्हती. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा 14 वा अध्याय नेमका अशाच अडचणीवर आहे. त्याचा मुद्दा साधा : जे बोलाल ते ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे, नाहीतर तो 'आमेन' म्हणणार तरी कशाला? सगळं मंडळीच्या बांधणीसाठी व्हावं, आणि शिस्तीत व्हावं.

आपल्या मराठी मुलखातलं उदाहरण बघा. अहमदनगरचं अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल पंथाचं, म्हणजे थेट प्युरिटनांच्या वंशातलं. त्याच नगरात एकोणिसाव्या शतकात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांची भजनं मंडळीने आपली मानली. ज्यांच्या पूर्वजांना चर्चमध्ये ऑर्गनसुद्धा चालत नव्हता, त्यांच्याकडे टाळ-मृदंग आले!

निजामाच्या राज्यात दोर्नकलचे बिशप म्हणून अझरिया यांचा अभिषेक 1912 मध्ये झाला. ते पहिले भारतीय अँग्लिकन बिशप. मूळचे तमिळ, पण तेलुगू शिकून ते खेड्यापाड्यांत फिरले. तिथल्या उपासनेत तेलुगू चालीची गीतं होती. 1939 मध्ये समर्पित झालेल्या त्यांच्या कॅथेड्रलला घुमट आहेत, देवळासारखे खांब आहेत, कोरीव कमळं आहेत. मेदकचं कॅथेड्रल वेस्लियन मेथडिस्टांचं. चार्ल्स वॉकर पॉस्नेट यांनी ते बांधलं, समर्पण 25 डिसेंबर 1924 ला झालं. तिथल्या तीन मोठ्या खिडक्यांवर येशूचा जन्म, क्रूसावरचा मृत्यू आणि स्वर्गारोहण आहे. कडक प्युरिटनाला हे खपलं नसतं. पण अक्षरओळख नसलेल्या माणसाला शुभवर्तमान तिथे डोळ्यांनी वाचता येतं.

खरी कसोटी 27 सप्टेंबर 1947 नंतर लागली. अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल एकत्र येऊन चर्च ऑफ साउथ इंडिया झालं. आता उपासना कुणाच्या पद्धतीने? कुठल्याही मंडळीवर सवयीबाहेरचा विधी लादणार नाही, असं वचन घटनेतच दिलं होतं. तरी नंद्याळ भागातल्या अनेक अँग्लिकन मंडळ्या बाहेरच राहिल्या. श्रद्धेचा प्रश्न होता, नुसत्या आवडीनिवडीचा नव्हे.

1950 मध्ये प्रभुभोजनाचा नवा विधी आला. जुना करार, पत्रं आणि शुभवर्तमान अशी तीन वाचनं. विधी चालवणारा मेजामागे, लोकांकडे तोंड करून उभा. लोकांना म्हणायला भरपूर भाग. आणि केरळच्या सुरियानी चर्चकडून घेतलेलं शांतीचं अभिवादन, ओंजळीतून ओंजळीत, शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे.

मला हे अभिवादन फार बोलकं वाटतं. पौलाच्या पत्रांत एकमेकांना पवित्र चुंबनाने भेटा, असं स्पष्ट लिहिलंय. अक्षराला चिकटणाऱ्या पंथांनीही ते बहुतेक सोडून दिलं होतं. इथे चुंबन आलं नाही, पण त्यामागची आज्ञा परत आली. तीही अशा गावांत, जिथे शेजारी बसलेल्याचा हात हातात घेणं ही जातीमुळे साधी गोष्ट नव्हती.

शास्त्राशी इमान म्हणजे जुन्या चालीरीतींची नक्कल नव्हे, आणि मनाला येईल ते करणंही नव्हे. वचन सगळ्यांना कळावं, भाकर सगळ्यांनी वाटून घ्यावी, 'आमेन' सगळ्यांच्या तोंडून यावं, हे त्याचं माप. पुढच्या वेळी मेदकला जाल तेव्हा मनोरा जरूर बघा. मग आत शेवटच्या रांगेत बसा आणि तिथून वाचन ऐकू येतं का, मेज दिसतं का, तेही बघा.