हॉफमन, प्रोफेसर
हॉफमन, प्रोफेसर : (१८३९–१९१९). जादूचे प्रयोग, पत्त्यांचे खेळ व कोडी या विषयांवर लिहिणारा इंग्रज ग्रंथकार. मूळ नाव अँजेलो जॉन लुईस. जन्म लंडन येथे. ऑक्सफर्ड येथे शिकून त्याने बॅरिस्टरीची सनद मिळविली.

जादूची जी विद्या तोवर बहुधा गुरुमुखानेच संपादन करावी लागे, तिचे संपूर्ण शास्त्र त्याने मॉडर्न मॅजिक (१८७६) या ग्रंथात, एखाद्या दस्तऐवजाचा मसुदा करावा तशा काटेकोरपणे, प्रथमच सामान्य वाचकापुढे ठेवले. जादूगाराच्या कोटाचे चोरखिसे, मेजामागील गुप्त फळी, आणि प्रेक्षकाने जोडात परत ठेवलेल्या पत्त्यावर डाव्या हाताची करंगळी शिरकवून, वरखालच्या भागांची निमिषार्धात अदलाबदल करून, तो पत्ता सर्वांत वर आणण्याची क्रिया, यांचे त्याने केलेले विवरण इतके विशद आहे की, एकट्याने अभ्यास करणाऱ्यासही ते पुरेसे व्हावे. त्याचे खरे श्रेष्ठत्व येथेच आहे. मोर मॅजिक, लेटर मॅजिक व लेटेस्ट मॅजिक हे त्याचे पुढील ग्रंथ. पझल्स ओल्ड अँड न्यू (१८९३) हा त्याचा कोड्यांचा संग्रह आजही प्रमाण मानला जातो. फ्रेंच जादूगार रॉबेर-हूदँ याचे ग्रंथही त्याने इंग्रजीत आणले.