ज्युडिथ स्कॉट : सुताची शिल्पकार

बहिऱ्या मुलांस शिकवितां येतें, हें मुंबईनें इ. स. १८८५ मध्यें त्यांच्यासाठीं शाळा काढून मान्य केलें होतें. त्यानंतर पासष्ट वर्षांनीं, शाळा-इस्पितळांनीं संपन्न अशा अमेरिकेंत, एका बहिऱ्या मुलीस कोणी बहिरी म्हणून ओळखलेंहि नाहीं!

ज्युडिथ स्कॉट हिचा जन्म १ मे १९४३ रोजीं ओहायो प्रांतांतील सिनसिनाटी शहरीं झाला. जॉइस ही तिची जुळी बहीण. ज्युडिथला जन्मतःच डाउन सिंड्रोम होता; त्यांत तान्हेपणीं स्कार्लेट फीव्हरनें तिचे कान गेले. पुढें बुद्धिपरीक्षा झाली ती तोंडी प्रश्नांची. प्रश्नच ऐकूं न येणारी मुलगी उत्तर काय देणार? ‘शिक्षणास अपात्र’ असें ठरून १९५० च्या ऑक्टोबरांत तिची रवानगी कोलंबस येथील सरकारी संस्थेंत झाली. दोघी बहिणी एकाच अंथरुणांत निजत. एके सकाळीं जॉइस जागी झाली, तों शेजारची जागा रिकामी!

संस्थांतील हा वास सुमारें पस्तीस वर्षें चालला. अखेर जॉइसनें खटपट करून तिचें पालकत्व मिळविलें व तिला कॅलिफोर्नियांत आणिलें. १९८७ मध्यें ओकलंड येथील ‘क्रिएटिव्ह ग्रोथ’ या अपंगांच्या कलाकेंद्रांत ती जाऊं लागली. जवळजवळ दोन वर्षें तिचें मन कशांतच रमलें नाहीं. मग सिल्व्हिया सेव्हंटी या कलावतीच्या वर्गांत तिच्या हातीं सूत आलें, आणि पुढचा मार्ग तिचा तिनेंच काढिला.

खुर्ची, पंखा, चाक, बाजारहाटाची ढकलगाडी, जें सांपडेल तें ती घेई आणि त्याभोंवतीं दोरा, लोकर, चिंध्या गुंडाळीत, विणीत, गांठी मारीत बसे. एकेका कामास आठवडे लागत, कधीं महिने. आपल्याकडील गोधडींतहि चिंध्यांचें सोनें होतें. पण गोधडी पांघरावयाची असते, हीं गाठोडीं मात्र कधींच सोडावयाचीं नव्हतीं. एकदां सूत मिळेना, तेव्हां हात पुसण्याच्या कागदांस गांठी मारून तिनें शुभ्र शिल्प उभें केलें. कांहीं आकृति जोडीच्या आहेत. त्यांत दोघी बहिणी पाहण्याचा मोह कोणास होणार नाहीं?

१९९९ मध्यें तिच्यावर ग्रंथ निघाला. १५ मार्च २००५ रोजीं बहिणीच्या घरीं ती वारली, तोंवर दोनशेंच्या आसपास शिल्पें झालीं होतीं. २०१४ सालीं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयानें त्यांचें मोठें प्रदर्शन भरविलें. तेथें प्रत्येक शिल्पाखालीं ‘शीर्षक नाहीं’ एवढेंच लिहिलेलें होतें. नांव तिनें एकासहि दिलें नव्हतें.